अण्णांचा रंगूनी डबा

भाच्याचा सिंगापूरहून रात्री साडेअकराला मेसेज. पुस्तकाच्या एका पानाचा फोटो आणि खाली, "आत्या, हे आपलंच रत्नागिरी ना गं?" चष्मा शोधला, फोटो मोठा करून वाचला. टेकडीवरचा बंगला, खाली समुद्र, आणि दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या बघत बसलेला एक राजा. म्हटलं, आपलंच रे बाबा. आपला थिबा.

पुस्तक अमिताव घोष यांचं, 'द ग्लास पॅलेस'. ते आलं २००० साली. म्हणजे थिबा पॅलेसपासून चालत दहा मिनिटांवर वाढलेल्या बाईला आपल्या गावावरची कादंबरी कळायला वीसेक वर्षं लागली, आणि तीही सिंगापूरमार्गे. दिवाळीला भाचा आला तेव्हा ती जाडजूड प्रत माझ्याकडे ठेवून गेला. माझं इंग्रजी बँकेतलं. सर्क्युलर वाचावं, नोट लिहावी, इतपत. पाचशेवर पानं वाचायला मला तीन महिने लागले आणि मधे एकदा मी ते पुस्तक रागाने कपाटात टाकून दिलं होतं. त्या रागाचं पुढे सांगते.

आमच्या घरात थिबा हा राजा नव्हताच, वाक्प्रचार होता. "थिबा राजासारखा बसून काय राहिलास, ऊठ, पाणी भर." शाळेची सहल दरवर्षी पॅलेसलाच जायची, कारण बसचं भाडं लागायचं नाही. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघायची, चिंचा खायच्या, परत यायचं. तो तिथे का होता, हे 'इंग्रजांनी आणून ठेवला' एवढ्यावर संपायचं. जणू कोणी सामान आणून ठेवतं तसं.

रत्नागिरीबाहेरच्यांसाठी थोडक्यात. ब्रह्मदेशच्या सागवानाच्या जंगलांत 'बॉम्बे बर्मा' नावाची कंपनी लाकूड तोडायची. ओंडके कमी दाखवून तिने कर बुडवला, असं म्हणत थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. ते निमित्त पुरलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी चढाई केली आणि पंधरवड्यात थिबाची राजधानी, मंडाले, पडली. राजा, राणी सुपयालत आणि मुली यांना बोटीवर चढवलं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? कारण रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद, मागे सह्याद्री. मुंबईला जवळ आणि तरी जगापासून लांब. (रेल्वे आमच्याकडे यायला पुढची शंभरावर वर्षं लागली, ते जाऊ दे.) पंचवीस वर्षं भाड्याच्या घरांतून काढल्यावर १९१० मध्ये तो लाल राजवाडा झाला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच गेला. मधल्या काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा माणूस आमच्याकडे, आमचा माणूस मंडालेला. आणि दिल्लीचा बहादूरशहा त्याआधीच रंगूनला नेऊन पुरलेला. साहेबाला माणसांची अदलाबदल करायची फार हौस.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं. माहीत नव्हतं ते कादंबरीच्या सुरुवातीलाच येतं. मंडालेत तोफांचा आवाज येतो आणि तो कसला, हे एका खाणावळीतल्या अकरा वर्षांच्या अनाथ हिंदी पोराला, राजकुमारला, तेवढं कळतं. शहर पडतं. शहरात शिरणाऱ्या फौजेत गोरे थोडे आणि हिंदी शिपाई जास्त. मंडालेच्या लोकांना राग येतो तो त्या पोराचा, कारण तोही हिंदीच. 'कला' म्हणतात त्याला. ब्रह्मी लोक हिंदी माणसाला हाच शब्द लावायचे.

इथे मी थांबले. कारण हा शब्द मी ऐकलेला होता. आमच्या घरात.

*

आजोबांचे थोरले भाऊ, ते आमचे अण्णा. गावात त्यांना 'रंगूनवाले' म्हणत. मी बारा वर्षांची असताना, १९७८ मध्ये ते वारले. तोवर ते पडवीतल्या खाटेवर, चौकड्यांची लुंगी पोटाशी गाठ मारून नेसून, पान लावत बसलेले मला आठवतात. लग्न केलेलं नव्हतं. फारसं बोलायचे नाहीत. हिशोबात चूक झाली, किंवा कपात चहा सांडला, की स्वतःवरच चिडून म्हणायचे, "कला रे कला!" आम्हा पोरांना वाटायचं, काय कला केली बघा, असं उपहासाने म्हणतायत. चित्रकलेतली कला. चाळीस वर्षांनी, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, एका बंगाली माणसाच्या इंग्रजी कादंबरीत मला त्या शब्दाचा अर्थ मिळाला.

अण्णा १९२३ साली गेले. एकविसाव्या वर्षी. तेव्हा कोकणातला प्रत्येक पोरगा मुंबईला जायचा, गिरणीत नाहीतर घरकामाला. अण्णांचं मॅट्रिक झालेलं, अक्षर वळणदार, आणि कोणीतरी सांगितलं की रंगूनला कारकुनाला मुंबईच्या दीडपट मिळतात. बोटीने मुंबई, आगगाडीने कलकत्ता, पुन्हा बोटीने रंगून. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता (१९३७ मध्ये वेगळा काढला), त्यामुळे पासपोर्ट वगैरे भानगड नाही. रंगून शहरात तेव्हा निम्म्याहून जास्त वस्ती हिंदी लोकांची होती. गोदीत तेलुगू हमाल, सावकारीत चेट्टियार, हापिसांत बंगाली आणि मद्रासी, पोलिसांत पंजाबी. आपले मराठी त्या मानाने मूठभर. अण्णा एका लाकडाच्या कंपनीच्या हापिसात लागले. कुठल्या, ते आता सांगायला कोणी नाही.

आमच्याकडे त्यांच्या मनीऑर्डरींची कुपनं होती. आजीने ती सुतळीत ओवून फडताळात खिळ्याला टांगलेली. खालच्या जागेत दोन-तीन ओळी मावायच्या. "सर्व कुशल. रु. १५ पाठविले आहेत. माजघराचे काम पावसाआधी उरकून घ्यावे." पुढच्या महिन्यात, "सर्व कुशल. रु. १५. गाय घेऊ नये, भाकड निघेल." एकोणीस वर्षांच्या कुपनांत 'सर्व कुशल' शिवाय स्वतःबद्दल एक अक्षर नाही. १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत ब्रह्मी आणि तेलुगू मजुरांची भीषण दंगल झाली, कितीतरी माणसं मारली गेली. त्या महिन्याचं कुपन मी मुद्दाम शोधलं होतं. सर्व कुशल. रु. १२.

त्या पैशातून आमचं माजघर झालं. चार खांब, वर तुळया, सगळं बर्मा सागवान. मुंबईच्या वखारीतून मचव्याने आणलेलं. लहानपणी आम्ही त्या खांबांना मिठी मारून खांबखांबोळ्या खेळायचो. खांब उन्हाळ्यातही गार लागायचे आणि त्यांना तेलकट, किंचित चामड्यासारखा वास होता. नव्वद पावसाळे झाले, वाळवी शिवलेली नाही. वडील आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे, "रंगूनचं आहे. अण्णांनी घाम गाळून बांधलंय."

घाम कोणाकोणाचा, ते कादंबरीत वाचलं. ओलं सागवान पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाड उभं असतानाच त्याच्या बुंध्याची साल गोल सोलून टाकतात आणि तसंच दोन-तीन वर्षं उभं ठेवतात. झाड उभ्याउभ्या वाळतं. मग तोडायचं, हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत न्यायचं आणि पावसाची वाट बघायची. लोंढा आला की ओंडके एकमेकांवर आदळत खाली येतात, मध्ये अडकले की पुन्हा हत्ती आणि माहूत पाण्यात. इरावतीला लागले की तराफे बांधून रंगूनपर्यंत. कधी कधी एका ओंडक्याला जंगलातून वखारीत यायला वर्षांमागून वर्षं लागत. कादंबरीत तरुण गोरे मॅनेजर जंगलातल्या तळांवर हिवतापाने पटापट मरतात आणि त्यांच्या जागी पुढची बोट नवे आणते. हत्तीवाले मरतात त्यांची मोजदाद कोण ठेवणार. मोजदाद ओंडक्यांची असायची. आणि ती ठेवायला वळणदार अक्षराचा कारकून.

मी उठून आमच्या त्या जुन्या घराचा फोटो काढून बघितला. खांबाला टेकून मी उभी, दोन वेण्या. माझ्या मागचं झाड तीन वर्षं उभ्याने वाळलेलं.

राजकुमार मोठा होऊन लाकडाचा व्यापारी होतो. पण भांडवल आणतो कुठून? आंध्रच्या किनाऱ्यावर जाऊन मजूर भरतो. भुकेकंगाल खेड्यांतून माणसं उचलायची, बोटीत कोंबायची आणि ब्रह्मदेशात पोचवून डोकी मोजून पैसे घ्यायचे. स्वतः अनाथ, स्वतः मार खाल्लेला. लेखक त्याला खलनायक करत नाही, हे मला आवडलं आणि छळलंही. राजकुमार प्रेमळ आहे. बायकोवर, डॉलीवर, जीव टाकतो; तिला शोधत रत्नागिरीला येतो. ती राजकन्यांची दासी, लहानपणी मंडालेहून राजाबरोबर आलेली. आणि हाच राजकुमार मलायातल्या रबराच्या मळ्यावर एका मजूर बाईवर हात टाकतो. तिला मुलगा होतो, तो मळ्यावरच वाढतो आणि राजकुमार त्याचं नाव घरात काढत नाही. घरात सर्व कुशल.

वसाहतवादाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर साहेब येतो. टोपी, चाबूक, क्लब. आपण सगळे त्याच्या बुटाखालचे. आमच्या घरात तरी हीच गोष्ट होती: गरीब कारकून परदेशी गेला, साहेबाची बोलणी खाल्ली, पै पै पाठवली. ती खोटी नाही. पण ब्रह्मी शेतकऱ्याला विचारलं असतं, तर त्याने साहेब वर्षातून एकदा पाहिला असता. रोज गाठ पडायची ती चेट्टियार सावकाराशी, पंजाबी शिपायाशी आणि लाकडाच्या हापिसातल्या आमच्या अण्णांशी. साहेबाचं राज्य चालवायला हात आपले होते. घोष यांच्या कादंबरीत हे भाषण म्हणून येत नाही, घराण्याची गोष्ट म्हणून येतं. कोणी कोणाशी लग्न केलं, कोणाचं पोर कुठे राहिलं, कोणाचा मामा फौजेत. पुढच्या पिढीतला अर्जुन ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी होतो, मेसमध्ये साहेबाचं जेवण जेवून आपण फार पुढे गेलो असं मानतो, आणि मलायाच्या रणधुमाळीत त्याच्या लक्षात येतं की आपल्या डोक्यातलं आपलं असं काहीच नाही. मग तो आझाद हिंद सेनेत जातो. घोष यांचे स्वतःचे वडील दुसऱ्या महायुद्धात त्याच ब्रिटिश हिंदी सैन्यात होते. त्यामुळे असेल, अर्जुनचा भाग वाचताना लेखक कोणाला चिडवत नाही, कोणाशी तरी घरातलंच भांडण भांडतोय, असं वाटत राहतं.

*

२३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत चार ते पाच लाख हिंदी लोक ब्रह्मदेशातून निघाले, बहुतेक पायी. वाटेत किती हजार मेले याचा धड हिशोब नाही. कादंबरीत राजकुमार, डॉली, त्यांची सून मंजू आणि तान्ही नात चालत निघतात. मुलगा आधीच गेलेला. बॉम्बच्या आवाजाने हत्ती बिथरले, ओंडक्यांच्या राशी कोसळल्या आणि तो खाली सापडला. मंजूचा एका नदीपाशी धीर सुटतो. ती पानं मी उभ्याने वाचली, स्वयंपाकघरात, आमटी उतू गेली.

अण्णा त्याच लोंढ्यात होते. प्रोमपर्यंत आगगाडी, तिथून डोंगर ओलांडून तौंगूप, मग किनाऱ्याने मिळेल त्या होडीने चितगाव. एवढी नावं त्यांच्याकडून आजोबांनी काढून घेतली होती, जास्त नाही. मे महिन्यात ते रत्नागिरीत येऊन दारात उभे राहिले तेव्हा आजीने ओळखलं नाही. तिच्या आधी लक्षात आले ते बूट. डावा तपकिरी, उजवा काळा. काळा एक माप मोठा आणि त्यात चिंधी कोंबलेली. "मोठ्या भावोजींना पाणी दिलं, पाय धुवायला तांब्या दिला," आजी सांगायची, "आणि त्यांनी बूट काढून शेजारीशेजारी नीट लावले हो, जोडी असल्यासारखे." काळा बूट कोणाचा होता, हे कोणी विचारलं नाही. अण्णांनी सांगितलं नाही. काखोटीला एक गोल डबा होता. बस, एवढंच सामान.

पुढे ते बाजारात एका दुकानाच्या वह्या लिहायचे. रंगूनच्या दोनच खुणा राहिल्या. एक ती लुंगी. दुसरी खाण्याची. सुका जवळा भाजून, लसूण-मिरची घालून खलबत्त्यात कुटायचे, वर चिंचेचा कोळ, आणि तेलात परतून बरणीत भरून ठेवायचे. वासाने घर उठायचं. आजी बरणी पडवीच्या बाहेर ठेवायला लावायची. त्याला ते 'बालाचाँव' म्हणायचे. गोव्यात बलचांव करतात, ब्रह्मदेशात बालाचाँव, मलायात ब्लाचान. शब्द भाऊबंदच असणार. पोर्तुगीजांनी इकडचा तिकडे नेला की तिकडचा इकडे, ते भाषावाल्यांनी ठरवावं. मी आता करते कधीतरी, खिडक्या उघड्या ठेवून.

आजीने एकदाच, मी कॉलेजात असताना, वाती वळता वळता सांगितलं. "तिकडे त्यांचं होतं कोणीतरी. बर्मीण." मी म्हटलं, लग्न? "आता लग्नच म्हणायचं की काय, ते देव जाणे. कागद यायचे लढाईनंतर दोन-तीन वर्षं. जिलब्या काढल्यासारखं अक्षर. भावोजी वाचायचे आणि बंबात घालायचे." पुढे म्हणाली, "आपल्या घरात चाललं असतं का ते?" हा प्रश्न नव्हता. मी काही बोलले नाही. वात वळून झाली होती, तिने दुसरा कापूस घेतला.

*

आता रागाचं. रत्नागिरीची प्रकरणं वाचताना माझं डोकं तापलं. तिथे राणी आहे, डॉली आहे, बंगाली कलेक्टर आहे (केंब्रिजला शिकलेला, आयसीएस, आपण साहेब आहोत याची सतत खात्री करून घेणारा), त्याची बायको उमा आहे. रत्नागिरीकर कोण? एक गाडीवान सावंत, देखणा. बाकी कोळी, गर्दी, बघे. थोरल्या राजकन्येला त्याच्यापासून दिवस जातात, त्या प्रकरणात कलेक्टरचा बळी जातो, आणि सावंताच्या मनात काय चाललंय ते एका पानातही नाही. म्हटलं, वा रे वा. साहेबाच्या कादंबरीत हिंदी माणूस जसा मागे पंखा ओढत उभा असतो, तसा या कादंबरीत आमचा मराठी माणूस! तेव्हाच पुस्तक कपाटात गेलं.

पंधरा दिवसांनी काढलं, कारण एक वाक्य कपाटातूनही खुणावत राहिलं. राजकन्या साड्या नेसायच्या, गावातल्या पोरींसारखं अस्खलित मराठी बोलायच्या, ब्रह्मी फक्त आईबापांशी. हे खरंही असणार. प्रत्यक्षातल्या थोरल्या राजकन्येची मुलगी, टूटू, रत्नागिरीतच वाढली, मेकॅनिक माणसाशी लग्न केलं, गरिबीत संसार केला, आणि २००० मध्ये गेली ती अस्सल मराठी म्हातारी म्हणून. १९१९ मध्ये राणी मुलींना घेऊन रंगूनला परतली, पण थोरली आपल्या पोरीसकट पुन्हा इकडेच आली, आणि १९४७ मध्ये इथेच वारली. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या थडग्यावर आले तेव्हा गावात केवढी धावपळ. त्याआधी किती वर्षं त्या थडग्याकडे कोण फिरकत होतं? म्हणजे बघा, मंडालेच्या राजाच्या नातीला आम्ही आपलं म्हटलं नाही, वाईटही वागवलं नाही, बाजारात गाठ पडली तर 'थिबाची नात' म्हणून मागे वळून पाहिलं, एवढंच. सावंताच्या मनातलं घोष यांनी लिहिलं नाही, हा माझा राग. पण ते रत्नागिरीतल्या आम्ही तरी कुठे लिहिलं?

मराठीत स्थलांतरावर लिहिलंच नाही असं नव्हे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये, १९३९ मध्ये, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत आणि युरोपातून परतणारा चक्रधर आहे. तो मुंबईला उतरतो, त्याचा जीव जडलेल्या ज्यू हॅर्टाला उतरता येत नाही. कॉलेजात वाचलं तेव्हा मी ती प्रेमकथा म्हणून रडत वाचली होती. आता वाटतं, त्यातली खरी गोष्ट ती धक्क्यावरची शिडी. कोणाला उतरता येतं.

घोष यांची एक गोष्ट मात्र मला पुस्तकाइतकीच आवडली. २००१ मध्ये 'द ग्लास पॅलेस'ला राष्ट्रकुल पुरस्काराच्या स्पर्धेत युरेशिया विभागाचं बक्षीस मिळालं, तर त्यांनी पुस्तकच स्पर्धेतून मागे घेतलं. एक आक्षेप 'राष्ट्रकुल' या नावालाच, साम्राज्याची आठवण मिरवणारं म्हणून. दुसरा असा की त्या स्पर्धेत फक्त इंग्रजी पुस्तकं घेतात, त्या देशांतल्या बाकी भाषांना दारच बंद. म्हणजे बेडेकर त्या दारात उभेही राहू शकले नसते. मी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की टाळ्या वाजवणाऱ्या बाईच्या मांडीवर अजून इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे.

भाच्याने मग किरण देसाईंचंही पाठवलं, 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस', २००६ चं बुकरवालं. कालिम्पाँगमधला निवृत्त न्यायाधीश, तोही केंब्रिजहून आयसीएस होऊन आलेला, चपातीसुद्धा काट्या-सुरीने खाणारा. बायकोच्या हुंड्यातून विलायतेला गेला आणि परत आल्यावर त्याच बायकोची त्याला किळस वाटू लागली. त्याच्या स्वयंपाक्याचा पोरगा बिजू न्यूयॉर्कमध्ये हॉटेलांच्या तळघरांत कागदपत्रांविना राबतोय, आणि बाप गावभर सांगतोय, माझा मुलगा अमेरिकेत मॅनेजर आहे. न्यायाधीशाची पानं मी भराभर उलटली, तो माणूस मला पुरता कळला होता. तशा एका माणसाच्या हाताखाली माझ्या वडिलांनी कोर्टात नोकरी काढली. बिजूपाशी मात्र रेंगाळले. त्याची बापाला जाणारी पत्रं म्हणजे आमची कुपनं. सर्व कुशल.

*

भाचा सॉफ्टवेअरमध्ये. पंचविसाव्या मजल्यावर राहतो, गणपतीला व्हिडिओ कॉलवर आरती म्हणतो. पुस्तक वाचून झाल्यावर त्याच्याशी बोलत होते तर म्हणाला, "आत्या, इथे सकाळी मी मेट्रोला जातो ना, तेव्हा रस्त्याने लॉऱ्या जातात. मागे उघड्या. त्यात बांधकामाचे मजूर बसवलेले असतात, आपले तमिळ, नाहीतर बांगलादेशी. पाऊस आला की प्लास्टिक धरतात डोक्यावर. मी सहा वर्षं रोज बघतोय. राजकुमारची बोट वाचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी मान वळवली." मी म्हटलं, कुठे वळवलीस? म्हणाला, "दुसरीकडे."

तो डबा माझ्याकडे आहे. आजी गेली तेव्हा वाटणीत कोणी मागितला नाही. बांबूच्या पातळ पात्या विणून त्यावर झाडाच्या काळ्या चिकाचे थरावर थर दिलेले. लालभडक, त्यात पिवळ्या-हिरव्या बारीक रेघांनी कोरलेली वेलबुट्टी. आत एकावर एक दोन कप्पे, पानासुपारीचे. आजीने त्यात बटणं आणि हूक ठेवले, मीही तेच ठेवत आले. दर दिवाळीला ती डबा खोबरेलाच्या बोळ्याने पुसायची, झाकण, कप्पे, कडा, सगळं. मी परवा पुसायला घेतला आणि उलटा केला. बुडाला पन्नास-साठ वर्षांचा मळ, कातडीसारखा. खोबरेल लावून ठेवलं, तासाने चोळलं, तर खालून जिलब्या निघाल्या. एका ओळीत, कडेच्या अर्ध्या गोलावर.

फोटो भाच्याला पाठवला. त्याच्या हापिसात एक ब्रह्मी मुलगी आहे, तिला त्याने दाखवला. ती म्हणाली, पगानकडचं काम असावं, डब्यावर करून घेणाऱ्याचं नाव घालायची पद्धत असते. पहिलं अक्षर 'मा'. बाईचं नाव असलं की आधी लावतात, तरुण असेल तर. पुढची दोन अक्षरं फडताळाच्या लाकडावर सरकून सरकून गेलेली, ती तिला लागली नाहीत.

आजीने डब्याचं बूड पुसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.